पाणी वर का चढत नाही, याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : श्री. शिवलिंगअप्पा, रा. वरची वाडी, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, वरची वाडी ही उदगीरच्या अलीकडे एका माळाच्या माथ्यावर वसलेली असून तेथील विहीर आटली आहे. शासकीय टँकर चढाच्या पायथ्याशी येतो, तेथील खड्ड्यात पाणी ओततो व परत जातो. टँकर वर विहिरीपर्यंत यावा, अशी अर्जदाराची विनंती आहे. सबब, निर्णयास्तव सादर.

हा मजकूर मी नोकरीत इतक्या वेळा लिहिला, की निवृत्त होऊन नांदेडला स्थायिक झालो तरी कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं तर तोंडातून आधी "उपरोक्त विषयास अनुसरून" बाहेर पडतं. ऑफिसातले किस्से जुन्या फायलींसारखेच असतात. कपाटातून एक ओढायला जावं, तर वरच्या चार डोक्यावर येतात. आज अप्पांची फाईल ओढतो. तिच्याबरोबर जे खाली येईल ते येईल.

नवा जिल्हा झाला तो नेमका दुष्काळात. जिल्हा मिळाला म्हणून लातुरात लोकांनी गुलाल उधळला आणि तो धुवायला पाणी नव्हतं! टंचाईसाठी म्हणून एक तात्पुरतं ऑफिस निघालं, ते एका बंद पडलेल्या आडत दुकानात. मी तिथे मुखेडहून हंगामी कारकून म्हणून गेलो. आमचे साहेब आधी कॉलेजात विज्ञान शिकवायचे. परीक्षा देऊन अधिकारी झाले. विद्यार्थी सुटले, गतीचे नियम काही सुटले नाहीत. इतर ऑफिसांतले साहेब अर्जावर "त्रुटी" लिहीत, आमचे लिहीत : "बल अपुरे. फेरसादर."

शिवलिंगअप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "अप्पा, पाणी पायथ्याशी मिळतंय ना?"

"मिळतंय की. पण सून गेली."

सून म्हणजे शांता. काशिनाथची बायको, लग्न नवंच. रोज चढावरून डोक्यावर दोन घागरी वाहून ती कंटाळली. एक दिवस तिने घागर पायथ्याशीच ठेवली आणि उदगीरची एसटी धरली. माहेरहून निरोप धाडला : पाणी चढलं की मी चढते.

"पोरगं जेवत न्हाई," अप्पा म्हणाले. "आमची म्हातारी कुणाशी बोलत न्हाई. म्हंजी तसं बरं हाय, पण किती दिस?"

*

जुन्या जिल्ह्यातून वाटणीचं सामान आलं, त्यात एक लोखंडी कपाट होतं. हमालांनी ते दारापर्यंत आणलं आणि बरोबर दारातच त्यांची जेवायची सुट्टी झाली. जेवून आले तेव्हा ठेकेदार म्हणाला, "पोहोच करायचं ठरलं होतं, पोहोचलं." गेले!

कपाट दारात. ना आत, ना बाहेर. साहेबांनी त्याकडे बघून आनंदाने सांगितलं, "बाहेरून बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू स्थिरच राहते." बाहेरून बल मागवण्याचा प्रस्ताव पाठवला. तोवर आम्ही खिडकीतून ये-जा सुरू केली. बाहेर एक स्टूल, आत एक स्टूल. हेडक्लार्क गंगाधरराव वजनदार गृहस्थ. ते सकाळी एकदा आत आले की संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नसत. त्यामुळे ऑफिसची शिस्त सुधारली.

अप्पांचा अर्ज खिडकीतूनच आला. मागोमाग अप्पाही आले. धोतर सावरत, नमस्काराला हात जोडून म्हणाले, "शरणार्थ, भाऊसायेब. जिल्हा नवा हाय म्हणून असंय का?"

शेवटी प्रस्ताव मंजूर झाला, कपाट हललं, दार मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः दारातून आले आणि बघतात तर सगळा स्टाफ खिडकीतून येतोय! गंगाधरराव खिडकीत एक पाय आत टाकून म्हणाले, "साहेब, गतिमान वस्तूचंही तसंच असतं ना?"

*

साहेबांच्या टेबलावर पंखा होता. अर्ज उडायचे. पेपरवेट वाटणीत जुन्या जिल्ह्याकडे राहिले होते. तेव्हा सूचना लागली : अर्जदारांनी अर्जावर वजन ठेवावे. गैरसमज नको. मी खरोखरच दगडाबद्दल बोलतोय.

पहिले काही दिवस लोक खडे आणत. मग कुणीतरी अंदाज बांधला, की ज्याचा दगड मोठा त्याचा अर्ज आधी. झालं! धोंडे यायला लागले. एका गावाने ग्रामपंचायतीचा ठराव करून मैलाचा दगड उपटून आणला. त्या रस्त्याने जाणारे पुढे कित्येक दिवस त्या गावाला पोचायचेच नाहीत, थेट कर्नाटकात निघायचे.

अप्पांनी पाट्यावरचा वरवंटा आणला. काळा, गुळगुळीत, चांगला जड.

"अप्पा, घरी चटणी कशावर वाटणार?"

"चटणीला बी पाणी लागतंय, भाऊसायेब."

वरवंटा गोल. पंख्याच्या वाऱ्याने अर्ज थरथरला, वरवंटा घरंगळला आणि टेबलाखाली साहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. साहेब ओरडले. मग अंगठा हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "गोल वस्तूचं घर्षण कमी असतं. चौकोनी ठेवायला सांगा!"

त्या दिवसापासून अप्पांचा अर्ज साहेबांच्या चांगला लक्षात राहिला. शेरा आला : "चढाची समक्ष पाहणी करावी."

*

पाहणीला जायचं म्हणजे जीप. स्टार्टर असलेली जीप जुन्या जिल्ह्याला गेली, आमच्या वाट्याला ढकलायची आली. ड्रायव्हर इस्माईलभाई उदगीरचे. टँकर त्यांच्याकडे आणि जीपही त्यांच्याकडेच. ते जीप नेहमी उतारावर लावायचे. ब्रेक सोडला की चालू! पण लातुरातलं आमचं आवार तव्यासारखं सपाट. तेव्हा दुष्काळी कामावरच्या मजुरांकडून आवारात मातीचा एक उंचवटा करून घेतला. कागदोपत्री त्याचं नाव मृदसंधारण.

उंचवट्यावरून जीप खाली यायची, पण उंचवट्यावर ती चढवायची कुणी? स्टाफने! त्यातही नियम होता. गंगाधरराव मागे मध्यभागी, कारकून डावीकडे, शिपाई उजवीकडे, साहेब आत.

"साहेब, आपण उतरलात तर वजन कमी होईल," गंगाधरराव एकदा धापा टाकत म्हणाले.

"दिशा कोण देणार? दिशेशिवाय बलाला अर्थ नाही!"

गंगाधररावांनी त्या दिवशी रागाने असा जोर लावला की जीप उंचवटा चढली, पलीकडे उतरली, सुरू झाली आणि आवाराबाहेर गेली. गंगाधरराव मातीत पालथे. तोंड पुसत म्हणाले, "क्रिया गेली पाहणीला. प्रतिक्रिया इथं पडलीय, कुणीतरी उचला."

*

वरच्या वाडीचा चढ अरुंद. दोन्ही बाजूंना ओढा, गाडी वळवायला जागा नाही. इस्माईलभाईंनी टँकरची अडचण सांगितली : "साब, भरलेला टँकर चढाला लागला की पाणी मागं पळतंय. मुंडकं हलकं होतंय. मी स्टेरिंग इकडं फिरवतो, गाडी म्हणते मी तिकडं चालले."

वाडीच्या लोकांनी स्वागताला नारळ आणला होता. साहेबांनी तो फोडला नाही. चढावर ठेवला आणि हात काढला. नारळ गडगडत खाली गेला, ओढ्यात पडला.

"पाहिलंत? याला गुरुत्वाकर्षण म्हणतात."

अप्पांनी हात जोडून विचारलं, "हे कुणाच्या हुकमानं हाय, सायेब?"

"कुणाच्या नाही. निसर्गाचं आहे."

"मग त्येंच्याकडंच अर्ज करतो. हापीस कुटं हाय त्येंचं?"

साहेब म्हणाले, "अर्ज करून बदलत नाही ते."

"मग तुमच्याच खात्याचे हायेत ते."

अप्पांच्या बायको महानंदाबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "सायेब, खाली येतंय ते आमाला बी ठावं हाय. रोज बघायलो. तुमाला आमी वरचं इचारायलो! आन् माजा नारळ आना."

नारळ मी ओढ्यात उतरून आणला. पाहणी अहवालात लिहिलं : गुरुत्वाकर्षण अस्तित्वात असल्याचे दिसून आले.

*

साहेबांनी माघार घेतली नाही. त्यांचं म्हणणं, अडचण वजनाची आहे. वजन कमी करा, टँकर चढेल. म्हणून टँकर अर्धा भरून नेला. पूर्ण भरलेला नुसता मागे ओढायचा, अर्धा भरलेला झोपाळ्यासारखा झुलायला लागला! आत पाणी पुढे आपटायचं, मागे आपटायचं, टँकर जागच्या जागी माना डोलवायचा. महानंदाबाई म्हणाल्या, "अंगात आलंया. कोन देव हाय इचारा."

साहेबांनी पाणी आणखी कमी करायला लावलं. टँकर थोडा जास्त चढला. आणखी कमी केलं, आणखी चढला. साहेबांचा चेहरा उजळत गेला. कागदावर त्यांनी आलेख काढला. आलेखाची रेषा सरळ वर चालली होती. त्याच रेषेवरून त्यांनी पुढचा प्रयोग ठरवला आणि दिवस जाहीर केला.

त्या दिवशी वाडी नटली होती. दारासमोर रांगोळ्या, विहिरीपाशी घागरींची रांग. काशिनाथ दाढी करून उभा. हलगी वाजायला लागली. टँकर आला, चढाला लागला आणि कुठेही न अडखळता, न डोलता, झुळुझुळू वर आला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी टँकरला हळदकुंकू लावलं, विहिरीत रबरी पाईप सोडला, कॉक फिरवला.

पाईपमधून एक लांब उसासा आला. मग काही नाही.

"सायेब, पाणी?"

"पाणी नाही. पाणी असतं तर चढला असता का?" साहेब म्हणाले. आवाजात निखळ आनंद होता. "प्रयोग यशस्वी!"

हलगीवाल्याला थांबायला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तो बराच वेळ वाजवत होता.

बातमी उदगीरला पोचली. तिकडून काशिनाथला निरोप आला : टँकर चढला ऐकलं, अभिनंदन. पाणी चढलं की कळवा. काशिनाथने घरात जाऊन दार लावून घेतलं. अप्पा पुढच्या खेपेला ऑफिसात आले. चहा घेतला नाही.

"सून येतीय का न्हाई, भाऊसायेब? खरं सांगा. न्हाई तर पोराला तिकडं धाडतो घरजावई म्हणून. म्हातारी मरंल, पन धाडतो."

मी म्हणालो, "अर्ज विचाराधीन आहे." दुसरं काय म्हणणार?

*

आता शेवटचं. हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण मी टँकरच्या केबिनमध्ये बसलो होतो. पाणी वाटेत विकलं जाऊ नये म्हणून प्रत्येक टँकरबरोबर एक कारकून जायचा आणि त्या दिवशी माझी पाळी होती.

उदगीर फाट्यावर एक बाई हातात पिशवी घेऊन उभी होती. इस्माईलभाईंनी ओळखलं. त्यांच्याच मोहल्ल्याशेजारची. शांता!

"बेटी, सासरी चाललीस का?"

"न्हाई, चाचा. हे लोक खरं बोलायलेत का खोटं, ते बघायला चालले. पायथ्यापासनंच बघनार. पाणी चढल्याबिगर मी वर पाऊल टाकनार न्हाई."

ती खिडकीपाशी बसली. मी मधे.

पायथ्याशी नेहमीची पद्धत अशी, की इस्माईलभाई टँकर वळवून घ्यायचे. मागचा कॉक चढाकडे, खड्ड्याजवळ. तोंड उदगीरच्या रस्त्याकडे. म्हणजे ओतलं की निघता येतं. तसा त्यांनी वळवला. गाडी बंदही केली नव्हती, तोच बाभळीमागून सगळी वाडी बाहेर पडली आणि टँकरच्या तोंडासमोर उभी राहिली. बाया पुढे, बाप्ये मागे. सगळ्यांत पुढे महानंदाबाई, हातात रिकामी घागर, तिच्यावर दगड वाजवत.

"पाणी वर न्या! न्हाई तर टँकर सोडनार न्हाई!"

इस्माईलभाई घाबरले. पुढे माणसं, दोन्ही बाजूंना ओढा. त्यांनी मागचा गिअर टाकला. टँकर थोडा मागे सरकला.

"पळायलाय! सोडू नका!" महानंदाबाई पुढे आल्या. वाडी पुढे आली. टँकर आणखी मागे सरकला. वाडी आणखी पुढे. लोकांनी बॉनेटवर हात ठेवले, जाळी धरली. इस्माईलभाई खिडकीबाहेर मुंडकं काढून मागे बघत, "या अल्ला, या अल्ला" म्हणत मागे घेत राहिले. एंजिन कण्हत होतं, पण गाडी डोलत नव्हती, स्टेरिंग ऐकत होतं. मी कारकून म्हणून एकदा ओरडलो, "शासकीय कामात अडथळा आणू नका!" त्यावर माझ्या अंगावर एक चप्पल आली. काचेमुळे वाचलो.

तेवढ्यात महानंदाबाईंची नजर काचेआड गेली. घागर वाजायची थांबली.

"तू? तू त्येंच्यात बसलीस?"

शांताने आधी डोक्यावरून पदर घेतला, मग खिडकीतून ओरडली, "आत्याबाई, मी बघायला आलेय नुसती!"

"उतर खाली!"

"न्हाई! पाणी चढल्याबिगर न्हाई!"

"आगं, तुज्यापायी माजा पोरगा वाळला!"

"आन् माजी मान? ती न्हाई वाळली व्हय, घागरी वाहून?"

"मला सांगतीस? तुज्या वयात मी तीन घागरी..."

"म्हणून तर तुमची मान अशी!"

इथे वाडीतल्या काही बाया हसल्या आणि महानंदाबाई जास्तच चवताळून पुढे आल्या. टँकर जास्तच वेगाने मागे गेला. सासू बोलत चालत होती, सून बोलत मागे सरकत होती. दोघींच्या मधे एक काच. भांडण ऐकायला म्हणून बाप्येही पुढे आले, त्यामुळे मागून रेटा वाढला. कोण कुणाला ढकलतंय, काही कळेना.

मग मागून धप्प असा आवाज आला. टँकर थांबला.

विहिरीच्या कठड्याला टेकला होता. कठड्यावर अप्पा एकटेच बसलेले. ते मोर्चात आले नव्हते. अर्ज विचाराधीन असताना अर्जदाराने आंदोलन करणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. टँकरची पाठ आपल्या अंगावर येताना बघूनही ते हलले नाहीत. टँकर टेकल्यावर फक्त हात जोडून म्हणाले, "शरणार्थ. या."

वाडी अजून घोषणा देत होती, "पाणी वर न्या! पाणी वर न्या!" अप्पांनी कॉक फिरवला. पाण्याचा आवाज आला तशा घोषणा एकेक करून बंद पडल्या. मग फक्त पाण्याचाच आवाज.

शांता केबिनच्या पायरीवर उभी राहून खाली बघत होती. पाय टाकू की नको, असं. महानंदाबाईंनी हातातली घागर तिच्यापुढे धरली.

"भर."

तिने भरली. काशिनाथ धावत आला आणि ती घागर त्याने उचलली. सगळ्या वाडीसमोर, बाप्यामाणसाने! महानंदाबाईंनी दुसरीकडे बघितलं.

चढताना सुनेचं तोंड सगळा वेळ माहेराकडेच होतं, हे मला परत येताना सुचलं. इस्माईलभाईंना सांगितलं, तर म्हणाले, "साब, पहले मेरेकू बताव, मैं ऊपर गया कैसे?"

तेव्हापासून टँकर रोज वर जायला लागला. उलटा, म्हणजे मागे पळणारं पाणी मुंडक्याकडेच यायचं आणि मुंडकं हलकं व्हायचं नाही. इस्माईलभाईंचं म्हणणं, समोर मोर्चा असल्याशिवाय मला रिव्हर्स जमत नाही. म्हणून वाडीतले लोक पाळीने यायचे. कुणी नसलं तर महानंदाबाई एकट्याच येऊन दोन घोषणा द्यायच्या.

पण ऑफिसात पेच पडला. त्या जुन्या टँकरचं मीटर असं होतं, की गाडी मागे गेली की आकडे उलटे फिरायचे. चढताना जेवढे आकडे कमी व्हायचे, उतरताना तेवढेच भरून निघायचे. साहेबांनी नोंदी तपासल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका शांत आनंद पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांनी शेरा लिहिला : "टँकर पायथ्यापुढे गेल्याचे नोंदीवरून दिसून येत नाही. अर्जदाराच्या मागणीवर यथावकाश विचार करावा."

अप्पा पेढे घेऊन आले. शांताला दिवस गेले होते. खिडकीतून आत येऊन त्यांनी मला विचारलं, "भाऊसायेब, आता अर्ज काढून घिऊ का?"

मी सांगितलं, काढून घ्यायचा तर टँकर वर येतो असं लिहून द्यावं लागेल. आणि टँकर वर येतो असं कागदावर आलं, की मंजुरी नसताना कसा येतो म्हणून तो बंद होईल.

अप्पांनी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला आणि गेले.

पुढे माझी बदली झाली, मी निवृत्तही झालो. मधे एकदा चौकशी केली. सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.